परळच्या बुवांना एका चित्रकर्तीचे आभारपत्र

आदरणीय बुवा,
सादर प्रणाम.

समोर बसून आभार मानायला लागले की आपण चहाचे विचारता, नाहीतर पुढच्या एकादशीचा विषय काढता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण परळच्या चाळीतल्या एका खोलीत भरणारे भजन चित्रकाराला किती शिकवू शकते, हे माझ्यासारख्या इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे आले तेव्हा चित्रकला हा माझ्या शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा विषय होता, गाणे मी काम करता करता ऐकत असे आणि विठ्ठलाचे नाव आजीच्या पाठोपाठ घरातून गेलेच होते. या तिन्हींना एकत्र आणण्याची एकच वाट मला वाचनातून माहीत होती, ती म्हणजे सुरांना रंग शोधण्याची. रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्कीने १९११ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या रचना ऐकल्या आणि लगोलग पिवळ्या रंगाने ओसंडणारे, वरच्या भागात पियानोचा काळा आकार असलेले चित्र रंगवले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलेतील आध्यात्मिकतेवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्याबद्दल मला आजही अतिशय आदर आहे. मात्र मैफल ऐकून घरी येऊन रंगवणे वेगळे आणि गाणाऱ्यांत बसून, स्वतः ठेका धरून, त्याच अवधानाने रेघ ओढणे वेगळे, आणि मला ज्याची ओढ होती ते हे दुसरे होते. आपण माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतलेत, हातात टाळ दिलेत आणि म्हणालात, “ताई, आधी मागे बसा. वही नंतर काढा.”

त्या मागच्या रांगेत मला पहिल्यांदा ध्यानात आले की वारकरी भजनाची सुरुवातच पाहण्याने होते. ‘जय जय रामकृष्ण हरी’ झाले की रूपाचे अभंग येतात. कटेवरचे हात, विटेवरची समचरणे, गळ्यातली तुळशीची माळ, कासेचा पितांबर हे सारे गाणारा एकेक करून डोळ्यांपुढे उभे करतो आणि मगच बाकीचे अभंग, गौळणी यांच्याकडे वळतो. लहानपणापासून कानावर पडलेल्या या क्रमात एक संपूर्ण चित्रविचार आहे, हे मला कोणत्याही वर्गात कुणी सांगितले नव्हते. आपण रूपाचा अभंग म्हणताना एखाद्या चरणावर थांबून तोच पुन्हा पुन्हा घोळवता, तेव्हा ऐकणाऱ्याची नजर त्या एका अवयवावर खिळून राहते. माझ्या चित्रांत आता विठ्ठल सहसा दिसत नाही. कमरेवरच्या हातांनी होणारे कोपरांचे दोन कोन तेवढे उरले आहेत, आणि आपण ते पाहताक्षणी ओळखलेत, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

सर्वांत मोठे ऋण मात्र खालीचे आहे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिलीवर सम, म्हणजे ठेका फिरून जिथे येतो ती वजनाची मात्रा, आणि पाचवीवर खाली, हे आपण माझा हात धरून शिकवलेत. खालीला टाळी नसते, हात नुसता बाजूला जातो. पण ती मात्रा मोजलेली असते, तिचा अवधी इतर कुठल्याही मात्रेइतकाच असतो आणि तिच्यावाचून समेला वजन येत नाही. घरी हातकागदाचे तुकडे जोडून केलेल्या लांब पटावर मी आठ-आठ फटकाऱ्यांच्या ओळी ओढू लागले. समेचा फटकारा गेरूने भरलेला, पुढचे काजळीचे, आणि पाचव्याच्या जागी कुंचला कागदाला न टेकवता तेवढ्याच वेळात तेवढेच अंतर पुढे न्यायचा. ती कोरी जागा मोजून सोडलेली आहे हे पाहणाऱ्याला जाणवते, असा माझा अनुभव आहे. कोऱ्या जागेविषयी चित्रकार पुष्कळ बोलतात, मीही बोलत असे, पण ती हातात उतरायला मला ठेकाच हवा होता. मनात नाम चालू असले की ओळ घाईत संपत नाही आणि कंटाळाही येत नाही. हीच माझी साधना आहे, असे आज मी न संकोचता म्हणू शकते.

आपल्या पखवाजी दादांचेही आभार मानायचे आहेत. भजनाआधी ते परातीत कणीक मळतात, तिचा गोळा डाव्या पुडीवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या चामड्यावर, थापतात, थाप मारून ऐकतात, चिमूटभर काढतात, पुन्हा ऐकतात, मग हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून उजवी पुडी पेटीच्या सुराला मिळवतात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने चामडे सैल पडते, तेव्हा यात बराच वेळ जातो, पण त्यांना कधी घाई करताना मी पाहिले नाही. माझा गेरू ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे बाभळीच्या डिंकाचे पाणी थेंबाथेंबाने घालून, कागदाच्या कडेला लावून, वाळेपर्यंत थांबून मगच पुढे जायचे, हे मी त्यांच्याकडूनच उचलले.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्तीविद्या शिकवा म्हणतो, तेव्हा ऋषी सांगतात की त्यासाठी चित्र कळले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. हा संवाद मी पूर्वीच वाचलेला होता. त्याचा अर्थ आपल्या खोलीत कळला. रागांना माणसांची रूपे देणाऱ्या जुन्या रागमाला चित्रांतली भैरवी शिवलिंगाची पूजा करताना दिसते आणि काही चित्रांत तिच्या हाती झांजा असतात. एका लहानशा कागदावर राग, पूजा आणि चित्र यांना एकत्र नांदवणाऱ्या त्या अनाम चितारांशी आता माझे नाते जुळले आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या बालपणी त्यांच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून मन त्यावर एकाग्र करायला सांगितले होते. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पॅरिसला गेलेल्या रझांच्या चित्रांत, अनेक दशकांनंतर, तो बिंदू केंद्रस्थानी आला. आपण हाती दिलेल्या टाळाकडे मी त्याच कृतज्ञतेने पाहते.

पट आता पूर्ण झाला आहे. तो माझ्या घरात उलगडून मावत नाही, म्हणून मंडळाची हरकत नसेल तर आषाढीच्या आदल्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत, कठड्याच्या कडेने, तो लावावा अशी माझी विनंती आहे. आपण आणि पखवाजी दादांनी तो सर्वांत आधी पाहावा आणि कुठे लय चुकली असेल तर स्पष्ट सांगावे.

आपली कृतज्ञ,
मागच्या रांगेतली टाळकरी