डोकेदुखीचे लिहायचे राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘सोमवारपासून साखर आणि कॅफीन बंद’ हा लेख आमच्या घरी सकाळी मोठ्याने वाचला गेला. वाचणारे आमचे यजमान, ऐकणारी मी. लेखकमहाशयांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘मनाचा निर्धार हवा, बाकी काही लागत नाही’ असे ज्यांनी लिहिले, त्यांनी निर्धार केलेल्या माणसासोबत एका घरात राहून पाहिलेले दिसत नाही. मी राहिले आहे.

गेल्या वर्षी तुमच्याच पुरवणीत याच धाटणीचा लेख आला होता. तेव्हाही मुहूर्त सोमवारचाच. (सोडायच्या गोष्टींना गुरुवार का चालत नाही, कोण जाणे.) सकाळपासून रात्रीपर्यंत चहा-कॉफी पिणाऱ्या आमच्या यजमानांनी दोन्ही एकदम बंद केले आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. पहिला दिवस कौतुकात गेला. दुसऱ्या दिवशी डोके असे ठणकू लागले की खिडकीचे पडदे ओढून घ्यावे लागले. मळमळ, मरगळ, कामात लक्ष नाही, आणि स्वभावाचे तर विचारूच नका. आधी शंका रक्तदाबाची. तो ठीक निघाला. मग चष्म्याचा नंबर. तोही होता तोच. मुलगी म्हणाली, “बाबा, ताण आला असेल,” त्यावर तिला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

शेवटी डोकेदुखीची एक गोळी घेतली आणि तासाभरात माणूस पूर्ववत. मग रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. ‘कॉफी सोडली, आता फक्त ही एवढी गोळी,’ असे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगणे चालू होते. एक दिवस मी भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, कॅफीन ६५ मिलिग्रॅम. साध्या कपभर चहातसुद्धा सहसा एवढे नसते! शिवाय अशा मिश्र गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेत राहिले तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागते, हे नंतर डॉक्टरांकडून कळले ते वेगळेच.

आता यात निर्धाराचा संबंध कुठे आला? मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते तशी आपल्याला झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते. रोज अडवले की शरीर तशा जागा वाढवते, आणि एके दिवशी कॅफीन आलेच नाही की सगळा हिशेब एकदम चुकता होतो. डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत जोर धरते आणि कधी कधी आठवडा उलटला तरी रेंगाळते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत याची रीतसर नोंद आहे. तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात यावर एक ओळ नाही. निर्धारावर मात्र तीन परिच्छेद.

बरे, निरोगी मोठ्या माणसाने कॅफीन शून्यावर आणलेच पाहिजे असेही कोणी म्हणत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असे सांगितले; गरोदर बायकांसाठी २००. त्रास होतो तो बहुधा वेळेचा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी जागीच असते, आणि मग ‘झोप का येत नाही’ म्हणून आम्हाला उठवले जाते.

साखरेबद्दलचा भाग तर आणखी गमतीचा. साखर विष, मध मात्र हवा तेवढा, आणि तहान लागली की फळांचा रस! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा घातली (रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्के, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम), तिच्यात मध आणि फळांचा रस दोन्ही धरले आहेत. अख्खे फळ धरलेले नाही. पाव लिटर संत्र्याच्या रसात २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. टोमॅटो सॉसच्या मोठ्या चमच्यात चहाचा एक चमचा साखर दडलेली असते. हे सोडून लेखकमहाशय कपातल्या साखरेवरच का घसरले, ते कळले नाही.

किंवा कळले. कारण त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘साखर घातलेली नाही’ अशा फळांच्या रसाची रंगीत जाहिरात आहे. खरेच आहे, घातलेली नसेल. फळात होती तीच पुरेशी आहे.

आमच्याकडे शेवटी कसे जमले तेही सांगते. मी कॉफीच्या बरणीत कॅफीन काढलेली कॉफी मिसळू लागले. आधी थोडी, मग निम्मी. (तिच्यातही किंचित कॅफीन असतेच, पण नावापुरते.) साखरेचा चमचा आधी सपाट झाला, मग पाऊण, मग अर्धा. डोके दुखले नाही, पडदे ओढावे लागले नाहीत, कोणाला निर्धारही करावा लागला नाही, कारण कोणाला काही सांगितलेच नव्हते. कालचा लेख वाचून यजमानांनी पुन्हा येत्या सोमवारचा मुहूर्त धरला आहे. जे त्यांनी केव्हाच निम्मे सोडले आहे, ते सोडण्यासाठी! हे पत्र आपण सोमवारनंतर छापलेत तर बरे होईल.

जाता जाता आणखी एक. त्या जाहिरातीला जागा करून देताना गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर आपण गाळले आहे. निदान ते तरी लवकर द्यावे. उभ्या १४ वरून आमच्या घरी अजून बोलाचाली चालू आहे, आणि त्याला कॅफीन कारणीभूत नाही.

आपली,
एक जुनी वाचक