स्लोव्हेनियातल्या श्मार्त्नो गावच्या आजींना

आजी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून नुसतं आजी. सप्टेंबरअखेरच्या त्या शनिवारी सायकलची चेन तुटून तुमच्या बागेच्या कडेला उभा होता, तो मुलगा मी. शिकायला इटलीतल्या त्रिएस्तेत, गाव निफाडजवळ, घरची द्राक्षबाग. ऐन तोडणीचा दिवस, त्यात आभाळ भरून आलेलं. अशा घाईत बागायतदाराला मान वर करायलाही सवड नसते, हे मी लहानपणापासून बघतोय. तुम्ही हातातलं काम ठेवून पाणी आणलंत.

“आमचीही बाग आहे,” एवढंच मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, तर तुम्ही सरळ कात्रीच हातात दिलीत! तुमच्या रेबुला जातीच्या द्राक्षांचा तो पहिला घड अजून डोळ्यांपुढे आहे. गच्च, पिवळाधमक, उन्हाच्या बाजूला तपकिरी ठिपके. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे तुम्ही पुन्हापुन्हा विचारून घेतलंत. तुमचे वेल हिवाळाभर झोपतात, आमच्या वेलांना ती झोप नाही. मग तुम्ही पायाखालचा ओपोका उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. दगडच तो, पण बोटांनी पापुद्रे सुटत होते. पावसा-वाऱ्याने त्याची माती होते, तीच वेलांना पोसते म्हणालात.

१५ सप्टेंबर १९४७ ला इथली नवी सीमा लागू झाली. आमच्या स्वातंत्र्याला, फाळणीला बरोबर एक महिना झाला होता. तुमच्या वडिलांचं घर तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात राहिलं, वेलांच्या चार ओळी इटलीत. स्वतःची द्राक्षं तोडायला परवाना दाखवून जायचं! आमच्याकडे बांध वीतभर सरकला तरी सख्खे भाऊ कोर्टात जातात. इथे अख्खी सीमाच बागेतून गेली. पलीकडच्या भागाचं नाव कोल्यो, अलीकडच्याचं ब्रदा, दोन्हींचा अर्थ टेकड्या. तिकडची रिबोल्ला तीच इकडची रेबुला.

संध्याकाळी तुमच्या मुलाने सायकल गाडीत टाकून मला नोव्हा गोरित्साच्या स्टेशनवर सोडलं. समोरच्या चौकात २००४ पर्यंत सीमेचं कुंपण होतं. मी सायकल ढकलत चौक ओलांडला आणि गोरिझियात, इटलीत पोहोचलो. कुणी काही विचारलं नाही. तेव्हा तुमच्या वडिलांची फार आठवण झाली, न पाहिलेल्या माणसाची.

आजी, मनापासून आभार. चेन नवी बसवली आहे. चेरीच्या दिवसांत येतो, आईने पाठवलेले बेदाणे घेऊन.

तुमचा,
निफाडचा नातू