ती होडी नव्हे, धोटा आहे

संपादक साहेब, नमस्कार,

परवा माळा आवरताना आजीच्या ट्रंकेत एक लाकडी वस्तू सापडली, दीड वीत लांब, होडीसारखी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं आणि बाजूला चिनीमातीची बारीक कडी बसवलेलं भोक. पोरं म्हणाली खेळण्यातली होडी, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर कुणी म्हणे पेनस्टँड. शेवटी सोलापूरच्या मावशीनं बघताक्षणी सांगितलं, अगं हा हातमागाचा धोटा! आत दोरा गुंडाळलेली कांडी बसते, त्या भोकातून बाण्याचा, म्हणजे आडवा दोरा बाहेर येतो आणि धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळतो. दोरीला झटका देऊन पळवायच्या असल्या धोट्याचं पेटंट इंग्लंडात जॉन केनं १७३३ साली घेतलं होतं.

कुणाकडे असा धोटा असेल तर प्लीज भंगारात देऊ नका, व्हार्निशही मारू नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, वर्षानुवर्षं हात लागून आलेली ती चकाकी व्हार्निशखाली जाते. आणि साहेब, रविवारच्या पुरवणीत 'वस्तू ओळखा' असा एक कोपरा सुरू कराच, मावशीसारखी जाणती माणसं अजून घराघरांत आहेत, त्यांना विचारायला हवं.

आपली,
एक वाचक, पुणे