तुम्ही सहा तारे मोजलेत, त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

माझं बंद पडलेलं ईमेल-पत्र पुन्हा सुरू करायला तुम्ही मदत केलीत, आणि मी आभार मानू लागलो तर "आभार वगैरे राहू द्या हो," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. मी तेव्हा गप्प बसलो, पण आठ दिवस झाले तरी ते मनातून जात नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

2011 पासून मी दर महिन्याच्या आकाशाबद्दल ईमेलवर एक पत्र पाठवायचो. कोणता ग्रह कुठे दिसेल, उल्का कोणत्या रात्री बघाव्यात, एवढंच. 2019 मध्ये आजारपणात ते थांबलं. यंदा पुन्हा सुरू करावं म्हणून जुनी यादी उघडली, तर चार हजारांवर पत्ते निघाले. एका 'तज्ज्ञा'ने आगाऊ पैसे घेतले आणि एका रात्रीत त्या सगळ्यांवर मेल सोडले. सकाळी बाउन्सचा, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलांचा, ढीग आणि माझं मेल पाठवायचं खातं बंद. मेल पाठवणाऱ्या कंपनीला चारदा लिहिलं. चारही वेळा तेच छापील उत्तर आलं, फक्त खालचं नाव वेगळं. आणखी एकजण म्हणाला, ही यादी टाकून द्या, मी ताजी यादी विकत देतो. ज्यांनी माझं नावही कधी ऐकलं नाही, त्यांच्या दारात मी पत्र घेऊन उभं राहायचं! या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही की मी लिहितो तरी काय. त्यांच्या लेखी मी स्पॅम पाठवणारा, विषय संपला.

तुम्ही मात्र ना पासवर्ड मागितलात, ना यादी. "दोनतीन जुने अंक पाठवा. रात्री वाचते, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी फोनवर तुमचं पहिलं वाक्य होतं, "कृत्तिकांमधले तारे मोजून बघा असं लिहिलंय ना तुम्ही? काल गच्चीवर जाऊन मोजले. सहा दिसले."

मॅडम, मला पुढे बोलता येईना. पाच वर्षांहून जास्त काळ बंद पडलेल्या पत्राचं ऐकून कुणीतरी रात्री गच्चीवर गेलं होतं. बाकी सगळी मदत मोठी आहेच, पण माझ्यापुरती ती सगळी त्या सहा ताऱ्यांनंतरची.

मग तुम्ही जे समजावलंत, त्यात मला एकदाही मूर्ख वाटू दिलं नाहीत. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकतं आहे, तेव्हा माझ्या यादीतले कितीतरी पत्ते आता उरलेलेच नसणार. काही सोडून दिलेले पत्ते तर स्पॅम पाठवणारे पकडायचे सापळे म्हणून पुन्हा चालू केलेले असतात. त्यांच्यावर मेल गेला की समजतं, हा माणूस यादीची निगा राखत नाही. हजारात तिघांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं की जीमेलची मर्यादा गाठली. आपण एकाच्याही आत राहायचं. हे ऐकून मी घाबरलो, तर तुम्ही म्हणालात, "नियम तुमच्याविरुद्ध नाहीत, वाचणाऱ्याच्या बाजूने आहेत." त्या एका वाक्याने माझा राग गेला.

पूर्वी 'नको' म्हणालेल्यांची नावं मी पुसायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. ती नावं वेगळी जपून ठेवायची, नाहीतर उद्या एखाद्या जुन्या फाइलमधून तीच परत आत येतील. एकदा नाही म्हणालेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणायला लावू नये, हे तुमचे शब्द. माणसाची सभ्यता मला यातच दिसते. समोर नसलेल्या, कधी न भेटणाऱ्या माणसाचा नकारही कुणी इतका सांभाळतो, आणि तेही कुणी बघत नसताना. अशी माणसं आहेत म्हणून अनोळखी माणसाला पत्र लिहायचा धीर होतो.

शेवटच्या वर्षी ज्यांनी पत्र उघडलं होतं, त्यांनाच आधी विचारलं, तेही पन्नास-पन्नास करून. "तुम्ही हे पत्र मागवलं होतं. पुन्हा हवं आहे का? नको असेल तर काहीच करू नका, आपोआप थांबेल." हे शेवटचं वाक्य तुमचं. माझ्या मसुद्यात तिथे गयावया होती.

पहिलं उत्तर सोळाव्या मिनिटाला आलं. "हो, ठेवा. मुलगी तेव्हा तिसरीत होती. आता दुर्बीण तीच लावते."

चार हजारांतून सहाशेच्या आसपास उरले. मला एकाचंही वाईट वाटत नाही. खातं सुरू झालं, आणि येत्या अमावास्येला पहिलं पत्र जाईल. तुमचं नाव मी परस्पर यादीत घातलेलं नाही. लिंक पाठवली आहे. हवं असेल तर होकार तुम्हीच द्या.

तुमचा,
आकाशाचं पत्र लिहिणारा