बाबांच्या प्रश्नाला वाळपईहून उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

"पाखरांना जाळ्यात धरून तुम्ही त्यांचे कोणते भले करता?" असे बाबांनी परवा फोनवर विचारले, तेव्हा रेंज गेल्याचे सांगून मी वेळ मारून नेली. रेंज होती, उत्तर तयार नव्हते.

बाबा, पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांना सोडून देण्यासाठी लावलेली आमची जाळी म्हणजे पारध्याचा फास नव्हे. वनखात्याच्या परवानगीने, उजाडण्याआधी, कुळागराच्या कडेला दोन बांबूंमध्ये ती ताणतात. धागा इतका बारीक की पोफळींच्या सावलीत दिसत नाही, आणि धडकलेला पक्षी अलगद खालच्या झोळात पडतो. दर वीस मिनिटांनी फेरी मारावीच लागते. पाऊस आला की जाळी गुंडाळायची. काल दिवसभर तेच केले.

आज बोरू वटवट्या सापडला. तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये मान व तळहातात पाठ, असा धरला की तो शांत राहतो. फक्त त्याचे काळीज बोटांना इतके भरभर लागते की ठोके मोजता येत नाहीत. छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर घातली की गळ्याखालच्या खळगीत कातडीआडची पिवळी चरबी दिसते. ती त्याची वाटेतली शिदोरी, आणि याची जवळजवळ संपलेली होती. कापडी पिशवीत घालून वजन केले तर ११ ग्रॅम; आईच्या एका नेवरीच्या वजनात असे तीन सहज बसतील. फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या झुडपांत घरटी करणारी ही जात बहुतेक रात्रीचाच प्रवास करून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येते. पायात घातलेले क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे कडे त्याच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाही, पण तोच पक्षी पुढच्या वर्षी याच कुळागरात परतला की नाही, हे त्या कड्याशिवाय ओळखता येत नाही.

इथे सत्तरी तालुक्यात माकडताप पसरला होता तेव्हाची धास्ती तुम्हाला आठवत असेल. तो रोग प्रथम १९५७ मध्ये शिवमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. त्याचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आला असावा, अशी शंका होती. तिचा छडा लावण्यासाठी १९५९ मध्ये सलीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू केले. म्हणजे हा केवळ हौशी लोकांचा छंद नव्हे.

तरीही एक कबुली देते. गेल्या आठवड्यात एका पर्णवटवट्याची जीभ धाग्यात अडकली आणि माझ्याने ती सुटेना. शेवटी आमच्यातल्या जाणत्या बाईंनी धागा कापला. वजन, माप काही न घेता त्याला सोडले. तो उडाला, पण मला दुपारी जेवण गेले नाही. त्यामुळे बाबांचा प्रश्न गैरलागू आहे, असे मी म्हणणार नाही.

चवथीनंतर आपल्या विहिरीपाशी शेपूट हलवीत येणारा करडा धोबी यंदा आला का? दिसला तर, बाबा, चष्मा लावून त्याचे पाय पाहा, आणि कडे असेल तर लांबूनच फोटो काढा. आई, तोवर मांजराला तेवढे घरात ठेव.

तुमची,
बाय