‘बाकी काही घेत नाही’

महोदय,

आजारपणानंतरच्या अशक्तपणावरील वनौषधींचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. अश्वगंधा, शतावरी, गुळवेल, ज्येष्ठमध, सगळे आले; पण ‘कितीही दिवस घ्या, अपाय नाही’ या वाक्यापाशी अडखळले आणि लिहायला बसले.

माझे वय 67. गेल्या वर्षी न्यूमोनियातून उठले तेव्हा सहा पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभी राहायची. खोकला रेंगाळला होता. म्हणून ज्येष्ठमधाची मुळी ठेचून सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केला. गोड लागतो, घशाला बरे वाटते. आठ दिवसांसाठी धरलेला काढा दोन महिने चालला. मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, घोटे सुजले. मला वाटले, अंगात अजून ताकद भरलेली नाही. काढा वाढवला!

डॉक्टरांनी विचारले, ‘रोजच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?’ मी बेधडक सांगितले, ‘बाकी काही घेत नाही.’ खोटे बोलत नव्हते. काढा औषधात धरायचा असतो हे डोक्यातच नव्हते. रक्तदाब 170/100. पोटॅशियम किमान 3.5 हवे, ते 2.9. सुनेने काढ्याचे नाव काढले तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने अंगात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे जाते. त्यात माझी रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी, तीही पोटॅशियम घालवणारी. म्हणजे गळती दोन्हीकडून.

काढा थांबवला, पोटॅशियमचे औषध घेतले. तीन आठवड्यांनी आकडे जागेवर आले.

ज्येष्ठमधावर माझा राग नाही. चरकसंहितेत ते रसायनांत, म्हणजे बळ देणाऱ्या औषधांत आहे, दुधाबरोबर. पण आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती पाहा, मात्रा ठरवा, हेही आयुर्वेदच सांगतो. भूक परतली नाही तोवर जड पौष्टिक चूर्णांचा मारा कुठला जाणता वैद्य करील? अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते, झोपेच्या गोळीची गुंगीही वाढते, गरोदरपणी ती टाळायला सांगतात. लेखात यातले काही नव्हते.

पुढच्या वेळी अशा लेखाशेजारी लहानशी चौकट द्यावी: औषध किती, किती दिवस, आणि कोणत्या गोळ्यांबरोबर नको. छायाचित्र थोडे लहान केले तर जागा निघेल.

— आपली एक जुनी वाचक