आधी शिवार चाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आनंद मलाही झाला. त्या नामांकनाचं नाव ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’. यादीतल्या बारा किल्ल्यांची नावं आपल्याकडं पोराटोरांना पाठ झाली, पण नावातल्या ‘लँडस्केप’कडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. हे पत्र त्या शब्दासाठी आहे.

मी पदवीच्या मुलांना इतिहास शिकवते. लँडस्केप आर्किऑलॉजी म्हणजे एकट्या वास्तूवर न थांबता सगळा मुलूख वाचायचा. वस्ती कुठं होती, पाणी कुठून यायचं, कुठली जमीन कसली जायची, माल कुठल्या वाटेनं घाट उतरायचा. या नजरेनं पन्हाळा बघितला की तो तटापाशी संपत नाही. शेजारचा पावनगड, मसाई पठार, पठाराच्या कड्यातली पांडवदरा लेणी, जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी, कासारीचं खोरं, आंबा आणि अणुस्कुरा घाटाकडं जाणाऱ्या वाटा, हे सगळं एकाच चित्रात येतं.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातल्या विटांच्या घरांपासून बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्यांपर्यंतचा ऐवज तिथं निघाला. त्याच टेकाडावर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्र सोडून, घाट चढून ती पंचगंगेच्या काठी कशी आली, हे शोधायचं तर घाटवाटाच पायाखाली घालाव्या लागतात.

शेतातून चालत मातीवर दिसणारी जुनी खापरं नोंदवायची, ही या अभ्यासाची एक रीत. पण आपल्याकडं असं चालायलाही हंगाम बघावा लागतो. ऊस उभा असला की रानात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. तोडणी होऊन नांगरट झाली की पुढची लागण होईपर्यंत माती उघडी असते, तेवढाच काय तो वेळ. गेल्या फेब्रुवारीत वीस मुलं घेऊन मी भोगावतीकाठच्या एका शिवारात गेले. मालकांना आधी विचारलं. मुलं दहा-दहा मीटरवर उभी केली आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ रेषेत चाललो. खणायचं नाही, त्याला परवाना लागतो आणि आमचं काम वरवरच्या मातीतच होतं. खापर दिसलं की मोबाईलवर जागा नोंदवायची, गट नंबर लिहायचा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि तुकडा होता तिथंच ठेवायचा. पहिला तासभर मुलांनी मंगलोरी कौलांचे तुकडेच लिहून काढले. मग एकीला आतून काळं, बाहेरून तांबडं, पातळ काठाचं खापर मिळालं. सगळी तिच्याभोवती जमली, प्रत्येकानं काठावरून बोट फिरवलं. त्यानंतर कौल आणि खापर यात कुणाची गफलत झाली नाही.

दुपारी एका रानात खापरं इतकी दाट दिसली की मुलं हरखून गेली. जुनं गाव सापडलं, असं धरूनच चालली. बांधावर बसलेले आजोबा बराच वेळ आमच्याकडं बघत होते. ते म्हणाले, “हितं न्हवतं गाव, बाई. माझ्या बानं पांढर आणून पसरली हुती, गाडीगाडीनं. त्या वरच्या टेकाडावरनं.”

पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची राखट माती, शेताला खत म्हणून पूर्वापार वापरलेली. उकिरड्याच्या शेणखताबरोबरही फुटकी मडकी रानात जातात, ती मात्र विरळ, दूरवर पसरलेली असतात. त्यांच्यावरून गाव सापडत नाही, पण कुठपर्यंतची जमीन खत घालून पिकवली जात होती ते कळतं. खापर कुठं आहे हे नकाशा सांगेल. ते तिथं कसं आलं हे गावातल्या माणसाला विचारावं लागतं. आजोबा बोलले नसते तर कधी नव्हतंच असं गाव आम्ही कागदावर वसवून मोकळे झालो असतो.

मग त्या टेकाडावर गेलो. एक बाजू जेसीबीनं उभी कापलेली होती, पुरुषभर उंच. कापात राखेचा पट्टा, त्याखाली विटांचा चुरा, आणखी खाली चुलीपाशी असते तशी भाजून लाल झालेली माती. बाकीचं टेकाड वीटभट्टीला गेलं होतं. मुलांनी तो काप मोजला, थरांचं चित्र काढून घेतलं, फोटो काढले. जाता जाता एकानं विचारलं, “मॅडम, आपण दोन वर्षं आधी का नाही आलो?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी स्वतः शिकत होते तेव्हा आमच्या महाविद्यालयात खापरांची पोती होती. कुठल्या गावची, कुठल्या रानातली, काही चिठ्ठी नाही. रंगकामाच्या वेळी ती बाहेर टाकली गेली. वाईट वाटलंच, पण खरं नुकसान जागा न लिहिता उचलली त्या दिवशीच झालं होतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवीला फील्ड प्रोजेक्ट आलं आहे. बऱ्याचदा ते झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेल्या फायलीवर भागतं. माझी विनंती आहे की इतिहास आणि भूगोल विभागांनी मिळून दरवर्षी एकच गाव घ्यावं आणि ते पायी वाचावं. टोपोशीट म्हणजे चढउतार दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा, गावनकाशा, पाणंदी, शेतांची जुनी नावं, देवळापुढचे वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड. वीरगळावर खालच्या चौकटीत लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, हे मुलं चटकन ओळखतात. पण हा दगड पूर्वी कुठल्या बांधावर होता, तेही विचारून लिहावं. शहरातल्या मुलांना लांब जायलाच नको. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घेताना ‘तीर्थ’ कुठं गेलं असा प्रश्न पडला की त्यांचं काम सुरू झालं. तिथं एकेकाळी तळं होतं.

दुसरी विनंती महसूल खात्याला. विटांसाठी माती काढायला गौण खनिजाची परवानगी लागते. ती देण्याआधी जागा पांढरीची आहे का, एवढं तरी बघावं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागा ठाऊक असतात.

आणि विद्यापीठानं फेब्रुवारीतले दोन आठवडे परीक्षांपासून मोकळे ठेवावेत. आजोबांनी पुढच्या तोडणीनंतर यायला सांगितलंय. टेकाडाची नदीकडची बाजू अजून शाबूत आहे.

आपली,
एक प्राध्यापिका, कोल्हापूर